बाणाच्या बुडाशीं दिवा

धनुष्यबाणाची गोष्ट निघाली कीं सर्वांचें लक्ष बाणाच्या अग्राकडे जातें. अग्र तीक्ष्ण असतें, लक्ष्याचा भेद तेंच करतें, आणि वर्णनहि बहुधा त्याचेंच होतें. बाणाच्या मागच्या टोंकाकडे कोणी फारसें पाहत नाहीं. कालिदासानें मात्र तें पाहिलें. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गांत नंदिनी धेनूवर झडप घातलेल्या सिंहाला मारण्यासाठीं दिलीप राजा भात्यांतील बाणाला हात घालतो, आणि त्याचीं बोटें बाणाच्या पुंखालाच खिळून राहतात. त्या वेळीं राजाच्या नखांच्या कांतीनें बाणाचीं पिसें शोभूं लागलीं, असें कवि सांगतो. बाणाच्या शेपटाशीं पडलेला हा उजेड काव्यांतला झाला. आमच्या काळांत तो खरोखरीचा झाला आहे.

श्रोतेहो, अमेरिकेंतील अनेक धनुर्धारी शिकारी आज बाणाच्या बुडाशीं एक चिमुकला विजेचा दिवा बसवितात. बाण दोरीवर असेपर्यंत तो विझलेला असतो. बाण सुटला कीं पेटतो, आणि बाण जेथें जाऊन पडेल तेथें जळत राहतो. पाहणाराला हें एखादें खेळणें वाटेल. परंतु एवढ्याशा दिव्यावरून तेथील शिकाऱ्यांत पुष्कळ वर्षें वाद चालला. हत्यार हातून सुटल्यावर माणसाची जबाबदारी संपते कीं तेथूनच सुरू होते, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशीं होता. म्हणून ह्या दिव्याची कुळकथा आज सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम दिवा जेथें बसतो त्या जागेविषयीं. बाणाचे भाग चार: पुढें अग्र, मध्यें काडी, मागें पिसें, आणि अगदीं शेवटीं खाच. ही खाच धनुष्याच्या दोरीवर बसते. वांकलेल्या धनुष्यांत सांठलेली सारी शक्ति ह्या दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या खोबणींतूनच बाणांत उतरते. खाच फार सैल असली तर बाण निसटतो, दोरी रिकामीच सुटते, आणि बाणानें न्यावयाचा धक्का धनुष्याला स्वतःलाच सोसावा लागून तें मोडण्याची भीति असते. खाच फार घट्ट असली तर बाण सुटतांना त्याला हिसका बसतो व तो वांकडा जातो. शिवाय लाकडी काडीला नुसती चीर पाडली तर दोरीच्या आघातानें काडी उभी फांकण्याचा संभव. ह्या अडचणी धनुष्याइतक्याच जुन्या आहेत.

ह्या बाबतींत इ. स. १५४५ हें वर्ष मोठ्या योगायोगाचें आहे. रॉजर ॲस्कॅम ह्या पंडितानें त्या वर्षीं 'टॉक्सॉफिलस' नांवाचा धनुर्विद्येवरील ग्रंथ इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाला सादर केला. इंग्रजी भाषेंत ह्या विषयावर लिहिलेला तो पहिला ग्रंथ. त्यांत काडी, पिसें आणि अग्र ह्यांच्याबरोबर खाच कशी असावी ह्याचाहि विचार आहे. त्याच वर्षीं, १९ जुलै रोजीं, त्याच राजाची 'मेरी रोज' ही युद्धनौका पोर्ट्समथजवळ बुडाली. इ. स. १९८२ मध्यें ती समुद्रांतून वर काढण्यांत आली. त्या नौकेंतील वस्तूंच्या शोधांत साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले. कित्येक बाणांच्या बुडाशीं खाचेच्या आडवी एक अरुंद फट कापलेली आहे. दोरीच्या माऱ्यानें काडी फांकूं नये म्हणून त्या फटींत शिंगाची पातळ पट्टी बसवीत असत. सवाचारशें वर्षांत शिंग समुद्रानें खाऊन टाकलें. फट तेवढी राहिली. पंडितानें पुस्तकांत जें लिहिलें त्याची सोय कारागिरानें शिंगाच्या एका पट्टीनें करून ठेवली होती.

यूरोपांत पुढें बंदूक आली आणि धनुष्य युद्धांतून गेलें. करमणुकीच्या निशाणबाजींत तेवढें तें टिकलें. अमेरिकेंत शिकारीचें साधन म्हणून त्याला पुन्हां प्रतिष्ठा मिळाली ती दोन टप्प्यांत. तेथील यादवी युद्धांत दक्षिणेच्या बाजूनें लढलेल्या मॉरिस टॉम्सन ह्यानें इ. स. १८७८ मध्यें धनुष्यानें केलेल्या शिकारीवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि सुशिक्षित लोकांत ह्या विद्येची आवड उत्पन्न झाली. ती आवड कांहीं वर्षांनीं ओसरली. दुसरा टप्पा मात्र कायमचा ठरला, आणि तो ज्याच्यामुळें आला त्या माणसाची कथा फार करुण आहे.

२९ ऑगस्ट १९११ रोजीं कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल गांवाजवळ एका खाटिकखान्याच्या आवारांत एक उपाशी, थकलेला मनुष्य आढळला. तो याही नांवाच्या आदिवासी जमातीचा होता. सोन्याच्या लोभानें त्या प्रांतांत शिरलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनीं एकोणिसाव्या शतकांत ह्या जमातीचा कत्तलींनीं जवळ जवळ निःपात केला होता. उरलेलीं थोडीं माणसें कित्येक वर्षें दऱ्याखोऱ्यांत लपून राहिलीं आणि एक एक करून संपलीं. अखेर हा एकटा राहिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड क्रोबर ह्यांनीं त्याला सान फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयांत आश्रय दिला. आपलें नांव आपल्याच तोंडानें परक्याला सांगावयाचें नाहीं, असा त्याच्या लोकांचा शिरस्ता होता. म्हणून क्रोबर ह्यांनीं त्याला 'इशी' म्हणावयास आरंभ केला. त्याच्या भाषेंत इशी म्हणजे माणूस.

संग्रहालयाशेजारच्या वैद्यकीय विद्यालयांत सॅक्स्टन पोप हे शस्त्रवैद्य होते. ते इशीचे वैद्य झाले, मित्र झाले, आणि धनुर्विद्येपुरते त्याचे शिष्य झाले. काडी सरळ कशी करावी, जनावराच्या स्नायूच्या तंतूंनीं पिसें कशीं बांधावीं, कांचेच्या किंवा ज्वालामुखीच्या काळ्या दगडाच्या तुकड्याचे टवके काढून अग्र कसें घडवावें, हें सारें त्यानें पोप ह्यांस करून दाखविलें. बाणाच्या मागच्या भागावर तो रंगाच्या कड्या काढीत असे. अशा कड्या जगांतील अनेक धनुर्धारी लोकांच्या बाणांवर दिसतात. बाण कोणाचा तें त्यांवरून ओळखतां येतें, आणि गवतांत पडलेला बाण चटकन् डोळ्यांत भरतो. आजचा विजेचा दिवा ह्या रंगाच्या कड्यांचाच दूरचा वंशज आहे.

इशी २५ मार्च १९१६ रोजीं क्षयानें वारला. पोप ह्यांनीं त्याच्याकडून शिकलेली विद्या लिहून ठेवली. धनुष्यबाणानें करावयाच्या शिकारीवरील त्यांचें पुस्तक इ. स. १९२३ मध्यें निघालें. आर्थर यंग हे त्यांचे सोबती. इ. स. १९२५ मध्यें दोघे आफ्रिकेंत जाऊन धनुष्यानें सिंहाची शिकार करून आले. दुसऱ्याच वर्षीं पोप ह्यांचें निधन झालें, परंतु त्यांच्या पुस्तकानें अमेरिकेंतील एका पिढीच्या हातांत धनुष्य दिलें. ज्या राष्ट्राच्या विस्तारापायीं इशीचे लोक नष्ट झाले, त्याच राष्ट्रानें धनुष्याच्या शिकारीचा धडा त्यांच्यांतील शेवटच्या माणसापाशीं बसून घेतला, ही गोष्ट ह्या इतिहासांत विसरतां येत नाहीं.

इ. स. १९३४ मध्यें विस्कॉन्सिन राज्यानें केवळ धनुर्धाऱ्यांसाठीं हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम ठेवला. पुढें इतर राज्यांनीं तोच मार्ग धरला. बंदूक सहज मिळत असतां मनुष्य धनुष्य कां घेतो? अंतर कमी करण्यासाठीं. बंदुकीनें दोन-तीनशें यार्डांवरून जें साधतें त्यासाठीं धनुर्धाऱ्याला जनावराच्या तीस-चाळीस यार्ड जवळ जावें लागतें. वारा, पाचोळ्याचा आवाज, स्वतःच्या श्वासाची हालचाल, सारें सांभाळावें लागतें. आणि बहुतेक दिवशीं रिकाम्या हातांनीं परतावें लागतें. आपल्या सामर्थ्यावर आपणच घातलेलें बंधन हाच ह्या शिकारीचा प्राण. इ. स. १९६१ मध्यें पोप आणि यंग ह्यांच्या नांवानें स्थापन झालेल्या पोप अँड यंग क्लबानें हीं बंधनें नियमांच्या रूपानें मांडलीं. त्या नियमांविरुद्ध मारलेल्या जनावराची नोंद क्लबाच्या दप्तरांत होत नाहीं.

विस्कॉन्सिनमध्यें त्या काळीं आल्डो लिओपोल्ड हे वन्यजीवशास्त्राचे नामांकित अध्यापक होते. ते स्वतः धनुष्य बनवीत आणि धनुष्यानें शिकारीस जात. त्यांच्या पत्नी एस्टेला तर धनुर्विद्येंत निष्णात होत्या. लिओपोल्ड ह्यांचें म्हणणें असें कीं, इतर खेळांप्रमाणें शिकाऱ्याभोंवतीं टाळ्या देणारे किंवा धिक्कारणारे प्रेक्षक नसतात. रानांत तो एकटा असतो, आणि त्याच्या वागण्याचा न्यायाधीश त्याची स्वतःची सदसद्विवेकबुद्धि असते. बाजारांत नित्य नवीं निघणारीं उपकरणें ह्या बुद्धीची आणि हातच्या कसबाची जागा घेऊं लागलीं आहेत, अशी तक्रार त्यांनीं इ. स. १९४३ मध्यें एका निबंधांत केली. इ. स. १९४८ मध्यें ते वारले. त्या तक्रारीला उत्तर देणें पुढील पिढ्यांस अवघड गेलें.

कारण उपकरणें थांबलीं नाहींत. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडी काडीऐवजीं ॲल्युमिनियमची व नंतर कार्बनच्या तंतूंची पोकळ नळी आली. खाच लाकडांत कोरण्याचें कारण उरलें नाहीं; प्लॅस्टिकची तयार खाच नळीच्या तोंडांत दाबून बसवूं लागले. मिसूरी राज्यांतील हॉलिस विल्बर ॲलन ह्यानें इ. स. १९६६ मध्यें टोंकांना कप्प्या लावलेल्या धनुष्यासाठीं पेटंटचा अर्ज केला, आणि इ. स. १९६९ मध्यें त्याला पेटंट मिळालें. ह्या धनुष्यांत दोरी पुरी ओढल्यावर हातावरचा ताण उतरतो आणि नेम धरण्यास अवसर मिळतो. त्याच जातीच्या आजच्या धनुष्यांतून बाण सेकंदाला २७० ते ३०० फूट वेगानें जातो. म्हणजे तीस यार्डांचें अंतर तो सेकंदाच्या एकतृतीयांशांत तोडतो. इशीचा बाण हवेंतून जातांना दिसत असे. हा बाण डोळ्यांना दिसत नाहीं.

येथें शिकारीची खरी अडचण उभी राहते. बंदुकीच्या गोळीचा धक्का मोठा असतो. बाणाला तसा धक्का नसतो. तीक्ष्ण पात्यानें रक्तवाहिन्या कापल्या जातात, आणि रक्तस्रावानें जनावर पडतें. वर्मीं बाण लागलेलें हरिणहि पुष्कळदां शंभर यार्ड धांवत जातें. तशांत हरणें पहाटे व संध्याकाळीं बाहेर पडतात, आणि कित्येक राज्यांच्या कायद्यानें सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करतां येते. तेव्हां बहुतेक बाण अंधुक उजेडांतच सुटतात. दोरीचा आवाज होतो, झुडुपें हलतात, जनावर नाहींसें होतें, आणि शिकारी एकटा उभा राहतो. बाण लागला कीं नाहीं? लागला तर कोठें?

ह्याचें उत्तर बाणापाशीं असतें. बाण बहुधा जनावराच्या शरीरांतून आरपार जाऊन पलीकडे पडतो, आणि अनुभवी शिकारी तो पत्रासारखा वाचतो. काडीवर फेंसाळ गुलाबी रक्त असलें तर बाण फुप्फुसांतून गेला. जनावर जवळच पडलेलें मिळेल. रक्त काळसर असलें तर यकृतास जखम झाली. कांहीं तास थांबावें. हिरवट-तपकिरी घाण आणि दुर्गंधि असली तर बाण पोटांतून गेला. अशा वेळीं लगेच माग काढणें म्हणजे मरणोन्मुख प्राण्याला उठवून दूर पळविणें होय. तेव्हां पुष्कळ तास, प्रसंगीं रात्रभर, थांबावें लागतें. बाण सांपडला नाहीं तर ह्यांपैकीं कांहींच कळत नाहीं. मग घायाळ जनावर कोठें तरी झुडुपांत तडफडून मरतें आणि त्याचें मांसहि वाया जातें.

हें टाळण्याचे उपाय दिव्यापूर्वींहि झाले. पांढरीं पिसें लावलीं, भडक रंग दिले. कांहींनीं धनुष्यावर बारीक दोऱ्याचें रीळ बसवून दोऱ्याचें टोंक बाणाला बांधलें. बाण जाईल तेथवर दोरा जाई, पण बाणाच्या गतीला तो अडथळाहि करी. विजेचा दिवा शक्य होण्यास दोन गोष्टींची गरज होती. एक, उष्णता जवळ जवळ न देणारा आणि आघातानें न फुटणारा सूक्ष्म दिवा. इ. स. १९६२ मध्यें जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील निक होलोन्याक ह्यांनीं तांबडा प्रकाश देणारा अर्धवाहक डायोड तयार केला, आणि ती गरज भागण्याचा मार्ग मोकळा झाला. दुसरी गोष्ट, काडीच्या पोकळींत मावेल असा विद्युत्घट. रात्रीं गळ टाकणाऱ्यांसाठीं पाण्यावर तरंगणारी प्रकाशमान खूण करतात, तिच्यासाठीं लिथियमचा बारीक घट निघाला होता. त्याची जाडी सव्वाचार मिलिमीटरांच्या आसपास व दाब ३ व्होल्ट. तो पोकळ बाणाच्या नळींत सहज जातो. पारदर्शक प्लॅस्टिकची खाच, तिच्या मुळाशीं दिवा आणि आंत घट, अशी ही जोडणी. नेहमींच्या एका प्रकारांत दोरीच्या जोरानें खाच किंचित् आंत दाबली जाते, विजेचा मार्ग पुरा होतो आणि दिवा लागतो. विझविण्यासाठीं खाच पुन्हां जरा मागें ओढावी लागते.

ह्या दिव्याला विरोध झाला, आणि विरोध करणारे अडाणी नव्हते. क्लबाच्या नियमांप्रमाणें धनुष्याला किंवा बाणाला विजेचें उपकरण लावण्यास मनाई होती. पश्चिमेकडील कांहीं राज्यांच्या कायद्यांतहि पुष्कळ वर्षें तशी मनाई होती. विरोधकांचें म्हणणें असें: आपणच घातलेलें बंधन हा ह्या शिकारीचा प्राण असेल, तर विजेला एकदां दार उघडल्यावर तें पुढें कोठें बंद करणार? आज खाचेंत दिवा, उद्यां अंतर मोजून नेम धरून देणारें यंत्र. शिवाय दिवा आहे म्हणून मनुष्य अधिक अंधारांत बाण सोडण्यास धजेल, आणि पाचोळ्यावरचा रक्ताचा थेंब ओळखण्याची जुनी विद्या विसरेल. लिओपोल्ड ह्यांची जुनी तक्रार ह्या युक्तिवादांत स्पष्ट ऐकूं येते.

दिव्याच्या बाजूचे लोक म्हणत: हा दिवा बाण सुटल्यानंतर लागतो. तोपर्यंत नेम धरला गेलेला असतो. मारण्याच्या कामीं दिव्याचें रतीभर साह्य नाहीं. जें साह्य आहे तें नंतरचें, म्हणजे बाण शोधण्याचें, जखम ओळखण्याचें, आणि जनावराला विनाकारण यातनांत न ठेवण्याचें. धारदार पात्याचा बाण गवतांत हरवला तर तो गुरांच्या पोटांत किंवा शेतकऱ्याच्या पायांत जाण्याचा धोका असतो, तोहि टळतो.

इ. स. २०१४ मध्यें पोप अँड यंग क्लबानें आपला नियम बदलला आणि ह्या दिव्याला अपवाद म्हणून मान्यता दिली. अपवादाची अट विचार करण्यासारखी आहे. उपकरणाचा प्रकाश लक्ष्याच्या दिशेनें पडतां कामा नये, आणि अंतर मोजणें, नेम धरणें किंवा बाण सोडणें ह्या कामांत त्याचें साह्य होतां कामा नये. विजेवरची सरसकट बंदी जाऊन तिच्या जागीं हेतूवर आधारलेली मर्यादा आली. वस्तु कशाची बनली आहे हा प्रश्न मागें पडला. ती सुटण्यापूर्वीं काम करते कीं सुटल्यानंतर, ह्याला महत्त्व आलें. निशाणबाजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मात्र असल्या प्रकाशमान खाचा वर्ज्य आहेत. तेथें शोधावयाचें जनावर नसतें. त्यामुळें ज्या कारणास्तव हा अपवाद झाला तें कारणच तेथें लागू पडत नाहीं.

परवानगी मिळाली तरी दिवा लावला आणि निघाले, असें होत नाहीं. मुख्य अडचण वजनाची. बाणाचें वजन ग्रेनांत मोजतात. आपला जुना सराफी तोळा १८० ग्रेनांचा होता, तेव्हां हें माप आपणांस अगदींच परकें नाहीं. ४०० ते ४५० ग्रेनांचा पुरा बाण म्हणजे सव्वादोन ते अडीच तोळे. साधी प्लॅस्टिकची खाच ८ ते १० ग्रेनांची, म्हणजे चार-पांच गुंजा. दिव्याची खाच २० ते २५ ग्रेनांची, म्हणजे अकरा ते तेरा गुंजा. सात-आठ गुंजांचा हा फरक सराफाच्या कांट्याला कळतो तसाच बाणालाहि कळतो. बाणाचा तोल पुढच्या बाजूस असला तर तो स्थिर जातो. शेपटाकडे वजन वाढलें कीं तोल मागें सरकतो, आणि लांबच्या अंतरावर नेम बिघडतो. म्हणून जाणता मनुष्य दिव्याच्या खाचेइतक्याच वजनाची बिनदिव्याची खाच सरावाच्या बाणांना लावतो, आणि हंगामापूर्वीं कित्येक आठवडे त्याच तोलाच्या बाणांनीं सराव करतो. साध्या खाचेनें शिकून दिव्याच्या खाचेनें शिकार करणें म्हणजे एका बाणानें अभ्यास करून दुसऱ्यानें परीक्षेस बसणें होय.

दुसरी गोष्ट मापाची. नळ्यांची आंतली रुंदी निरनिराळी असते, व प्रत्येकीची खाच वेगळी. दोरीवरची पकड पाहण्याची युक्ति सोपी आहे. धनुष्य आडवें धरून दोरीला बाण खाली लोंबता अडकवावा आणि दोरीला बोटानें हलकेंच टिचकी मारावी. टिचकीपूर्वींच बाण पडला तर खाच सैल. जोरानें मारूनहि न पडला तर घट्ट. हलक्या टिचकीनें सुटला तर ठीक. चारशें-साडेचारशें वर्षांपूर्वींच्या धनुर्धाऱ्यालाहि ही परीक्षा समजली असती.

तिसरी गोष्ट रंगाची. संधिप्रकाशांत आपल्या डोळ्यांस हिरव्या-निळ्या रंगांची जाण अधिक राहते व तांबडा लवकर मंदावतो; उलट हिरव्या पानांत तांबडा दिवा वेगळा उठून दिसतो. ज्यांस तांबडा आणि हिरवा हा भेद नीट कळत नाहीं, असे पुरुष पुष्कळ असतात. त्यांनीं दुकानदाराच्या शब्दावर न जातां संध्याकाळीं गवतावर दोन्ही दिवे ठेवून स्वतः पाहावें. चौथी गोष्ट भरंवशाची. प्रत्येक दिवा सरावांत अनेकदां पेटवून, विझवून पाहावा. अपेक्षित क्षणीं न लागलेला दिवा मुळींच नसलेल्या दिव्याहून वाईट. कारण मग मनुष्य बाणाची वाट डोळ्यांनीं टिपण्याची संवयहि सोडून बसलेला असतो. ह्यासाठीं सरावाचा कांहीं भाग संध्याकाळच्या उजेडांत करावा. बाण सोडल्यावर हात लगेच खाली न आणतां जागच्या जागीं स्थिर राहावें, आणि उजेडाची रेघ कोठें थांबली तें एखाद्या झाडाची किंवा दगडाची खूण धरून मनांत ठेवावें. दिवा दिसला कीं धांवत सुटण्याची हौस आवरणें हा ह्या सरावांतील कठीण भाग आहे. दिवा बाणाची जागा सांगतो. जखम कशी झाली तें बाण हातांत घेऊन वाचल्यावांचून कळत नाहीं.

आपल्या देशांत इ. स. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें वन्य प्राण्यांची शिकार निषिद्ध केली आहे, आणि तें योग्यच आहे. तेव्हां हें ज्ञान ऐकणाऱ्यांपैकीं कोणास रानांत उपयोगी पडावें, असा हेतु नाहीं. परंतु दूरवर परिणाम करणारीं साधनें आज प्रत्येकाच्या हातीं आहेत. आपण सोडलेली वस्तु, सही केलेला हुकूम, छापलेला शब्द कोठें जाऊन लागला हें दिसत नाहीं, आणि दिसत नाहीं म्हणूनच मनाला टोंचत नाहीं. बहुतेक शोध हात अधिक दूर पोंचावा म्हणून झाले. जेथवर हात पोंचला तेथवर दृष्टीहि पोंचावी म्हणून झालेले शोध थोडे. त्या थोड्यांत ह्या दिव्याची गणना करावी लागेल.

विरोधकांची भीति खोटी होती असेंहि म्हणवत नाहीं. ज्याला अंधारांत बाण सोडावयाचा आहे त्याला दिवा हें निमित्तच होईल. ज्याला आपल्या कृत्याचा शेवटपर्यंत माग काढावयाचा आहे त्याला तो सोबती होईल. दिव्यावांचूनहि इशीच्या लोकांनीं पिढ्यान् पिढ्या माग काढला, कारण तो काढल्यावांचून त्यांचें पोट भरत नव्हतें. आज पोटाची ती निकड राहिलेली नाहीं. म्हणूनच बाण सुटल्यानंतर त्याच्यामागें चालत जाण्याचा निश्चय माणसाला स्वतःच करावा लागतो, आणि तो बाण सुटण्यापूर्वीं करावा लागतो.